कानाच्या मशीनचा सेल: हवा कधी द्यायची, किती द्यायची

घरात कुणाला नवीन श्रवणयंत्र मिळालं की पहिले आठ दिवस सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे असतं. शिट्टी वाजतेय का, टीव्ही ऐकू येतोय का, कानात टोचतंय का. सेलचा विषय निघतो तो पहिला सेल संपल्यावर. "एवढ्यात संपला?" मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं फ्रीजमध्ये ठेवा, कुणी म्हणतं रात्री सेल काढून त्यावरची रंगीत पट्टी परत चिकटवा, कुणी म्हणतं सगळ्या सेलच्या पट्ट्या एकदमच काढून ठेवा म्हणजे आजोबांना सोपं पडेल. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तिसरा तर संपूर्ण पाकीट वाया घालवणारा आहे.

कारण हा सेल हवेवर चालतो. हवा मिळाली नाही तर तो वीज देत नाही, आणि एकदा हवा मिळायला लागली की वापरा किंवा वापरू नका, तो संपायच्या वाटेला लागतो. तेव्हा सेल वाचवायचा म्हणजे हवा कधी द्यायची आणि ती कशा प्रकारची असावी हे सांभाळायचं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

आधी सेल ओळखा

ज्या यंत्रात छोटा गोल बटण-सेल बदलावा लागतो आणि सेलवर रंगीत पट्टी चिकटवलेली असते, तो झिंक-एअर, म्हणजे जस्त आणि हवेवर चालणारा सेल. पट्टीचे रंग जगभर ठरलेले आहेत: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी आणि ६७५ ला निळा. पाकिटाच्या मागे पीआर ७०, पीआर ४१, पीआर ४८, पीआर ४४ असेही नंबर छापलेले असतात. ते याच क्रमाने याच चार मापांचे. कंपनी कुठलीही असो, रंग आणि आकडा जुळला की सेल बसतो.

खिशात ठेवायचं वायरवालं मशीन पेन्सिल सेलवर चालतं, आणि रात्री चार्जिंगच्या डबीत ठेवायच्या यंत्रात चार्ज होणारी बॅटरी आतच बसवलेली असते. त्यांना इथलं काही लागू नाही. उलट, झिंक-एअर सेल चार्जरमध्ये कधीही घालू नका. तो पुन्हा चार्ज होत नाही, गळू किंवा फुटू शकतो.

एक सापळा ६७५ वाल्यांसाठी. घड्याळाच्या आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा एलआर ४४ हा सेल मापाने अगदी ६७५ सारखाच असतो, ११.६ मिलिमीटर व्यास आणि ५.४ मिलिमीटर जाडी. स्वस्त मिळतो, यंत्रात बसतो, यंत्र सुरूही होतं. पण तो अल्कलाइन सेल आहे, त्याची क्षमता ६७५ च्या जेमतेम पाव भागाइतकी असते आणि त्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरत जातो. अडीनडीला एखादा दिवस ठीक. स्वस्त म्हणून पाकीट आणू नका.

आत काय चालतं

हा भाग वगळून पुढे जाता येईल, पण वाचलात तर पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

साध्या अल्कलाइन सेलमध्ये दोन्ही रसायनं डबीतच भरलेली असतात, एका बाजूला जस्ताची पूड आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड. झिंक-एअरमध्ये ही दुसरी बाजू जवळपास रिकामी ठेवलेली असते. तिथलं काम हवेतला ऑक्सिजन करतो, त्यामुळे उरलेल्या जागेत जास्त जस्त मावतं. १३ नंबरचा सेल ७.९ मिलिमीटर व्यासाचा, ५.४ मिलिमीटर जाडीचा. एवढ्याशा डबीत साधारण ३०० मिलिअँपिअर-तास वीज निघते ती यामुळे.

सेलची सपाट, धन खूण असलेली बाजू उजेडात धरून नीट पाहिली तर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. कुठे एक, कुठे चार-सहा; कंपनी आणि मापाप्रमाणे बदलतात. त्या छिद्रांतून हवा आत जाते, आणि रंगीत पट्टी हीच छिद्रं झाकून ठेवते. मध्ये टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो, तो हवेला वाट देतो पण आतलं द्रव बाहेर येऊ देत नाही. त्यापलीकडे कार्बनचा थर, आणि मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात भिजलेली जस्ताची पूड. ऑक्सिजन पोचला की जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं आणि सेल साधारण १.४ व्होल्ट दाब देतो.

यातून एक गंमत निघते. संपलेला सेल नव्यापेक्षा जड असतो, कारण त्याने तेवढा ऑक्सिजन पोटात घेतलेला असतो. ६७५ नंबरच्या सेलमध्ये ही वाढ ०.२ ग्रॅमच्या जवळपास जाते. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर नवा आणि संपलेला सेल एकामागून एक ठेवून पाहा, फरक दिसेल.

अडचण अशी की ज्या छिद्रातून ऑक्सिजन आत येतो, त्याच छिद्रातून आतल्या पाण्याची वाफ बाहेर जाते. हवा दमट असेल तर उलटं, बाहेरचं बाष्प आत शिरतं. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन द्रावणाचं हळूहळू पोटॅशियम कार्बोनेट करत राहतो. या तिन्ही गोष्टी यंत्र चालू असो वा बंद, चोवीस तास चालू असतात. छिद्रं मोठी ठेवली तर सेल जास्त विद्युतप्रवाह देईल पण लवकर सुकेल. लहान ठेवली तर टिकेल पण जोरकस यंत्राला पुरणार नाही. कारखान्यात यातला मध्य काढलेला असतो, तो रोजच्या वापराचं श्रवणयंत्र डोळ्यांसमोर ठेवून.

म्हणूनच हा सेल भिंतीवरच्या घड्याळात घालत नाहीत. झिंक-एअरचा वापर जुना आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत हाइस आणि शूमाकर यांनी केलेले मोठे सेल रेल्वेच्या सिग्नलसाठी वापरले गेले. बटणाएवढे सेल १९७० च्या दशकात आले आणि श्रवणयंत्रात रुळले, कारण रोज दहा-बारा तास चालणारं आणि आठ-पंधरा दिवसांत सेल संपवणारं यंत्र त्याला अगदी योग्य. सुकायच्या आधीच तो वापरून होतो.

पट्टी काढायची, ती अशी

१. पाकिटावरची तारीख आधी बघा. पट्टी लावलेला सेल दोन-तीन वर्षं चांगला राहतो, पण पट्टी म्हणजे काही वेल्डिंग नव्हे. तिच्यातूनही अगदी थोडी हवा जात असते. घरात दोन पाकिटं असतील तर आधीच्या तारखेचं आधी फोडा.

२. जुना सेल खरोखर संपल्यावरच नव्याला हात लावा. बहुतेक यंत्रं संपत आल्याची सूचना बीप वाजवून देतात. पहिली बीप ऐकून घाईने पट्टी काढून ठेवायची गरज नाही. पट्टीसकट नवा सेल जवळ ठेवा, बस.

३. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हे उगाच सांगत नाही. डोक्याला लावलेलं खोबरेल, हातावरचं क्रीम, टाल्कम पावडर, घाम, यातलं काहीही त्या बारीक छिद्रांवर बसलं की सेलचा श्वास कोंडतो. नव्या सेलला "हा खराब निघाला" म्हणून परत आणणाऱ्यांच्या सेलवर बऱ्याचदा तेलाचा ठसा दिसतो.

४. एकच सेल बाहेर काढा आणि पट्टी एका दमात सरळ ओढा. सपाट बाजूवर चिकट राहिलं असेल तर कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा. नखाने खरवडू नका. छिद्र बुजल्यासारखं वाटलं तरी पिनने टोचू नका, आतला टेफ्लॉनचा पडदा फाटला तर सेल गळणार.

५. सेल सपाट बाजू वर करून कोरड्या टेबलावर ठेवा आणि थांबा. किती, यावर मतं वेगळी आहेत. काही कंपन्या एक मिनिट सांगतात, बरेच ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) तीन ते पाच मिनिटं सांगतात. मी पाच सांगतो, चहा गाळून होईपर्यंत. पट्टी असताना आतला ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो आणि दाब खाली असतो. हवा आत भरून तो १.४ पर्यंत चढायला वेळ लागतो. लगेच यंत्रात घालून दार लावलं तर यंत्राला तो अर्धा संपलेलाच वाटतो, ते बीप देतं किंवा बंद पडतं. पाच मिनिटं थांबल्याने सेल दीडपट-दुप्पट चालतो असं सांगणारे भेटतील. तेवढी अपेक्षा ठेवू नका. थंडीच्या दिवसांत मात्र थोडं जास्तच थांबा.

थांबताना फुंकर मारू नका. "हवा लवकर जाईल" म्हणून मारतात. आपल्या उच्छ्वासात बाष्प असतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो. म्हणजे सेलला जे नको तेच आपण नेमकं देतो.

६. धन खूण वर येईल असा सेल दारात ठेवा, यंत्रात सरळ खोचू नका. दार सहज लागलं पाहिजे. अडत असेल तर सेल उलटा आहे. जोर लावून लावलं तर बिजागरी तुटते आणि तिची दुरुस्ती सेलच्या कित्येक पाकिटांएवढी पडते.

७. काढलेली पट्टी कालनिर्णयवर आजच्या तारखेच्या चौकोनात चिकटवा. दोन कानांना दोन यंत्रं असतील तर पट्टीवर डा किंवा उ लिहा. पुढच्या महिन्यात "हल्ली सेल लवकर संपतात" अशी तक्रार निघाली की भिंतीकडे बघायचं. तक्रार खरी की भास, ते तिथेच कळतं.

दोन्ही यंत्रांचे सेल एकदमच बदलायचे नसतात. एक संपला तर एकच बदला. दुसऱ्याचा आहे तो पूर्ण वापरून घ्या.

पट्टी परत चिकटवून उपयोग का नाही

हा प्रश्न काटकसरी माणसांकडून हमखास येतो आणि प्रश्नात चूक काही नाही. हवा बंद केली तर सेल थांबेल हे तत्त्व खरंच आहे. पण एकदा निघालेली पट्टी परत तेवढी घट्ट बसत नाही, तिच्या गोंदावर तोवर बोटांचं तेल आणि धूळ बसलेली असते. शिवाय आत गेलेला ऑक्सिजन जस्ताशी आपलं काम करतोच, शिरलेलं बाष्प आणि झालेलं कार्बोनेट आतच राहतं. रात्रीच्या आठ तासांसाठी एवढी खटपट करून जे वाचतं ते सकाळी गोंद छिद्रावर राहिल्याने जातं. वर पुन्हा पाच मिनिटं थांबणं आलंच.

"आजोबा फक्त पाहुणे आले तरच मशीन लावतात, तरी सेल महिन्यात जातो" ही तक्रार याच कुळातली. पट्टी निघालेला सेल डबीत पडून राहिला तरी काही आठवड्यांत बाद होतो. कधीतरी वापरणाऱ्याला झिंक-एअर महागच पडणार. त्यावर उपाय सेलचा नाही, रोज मशीन लावण्याचा आहे, आणि ऑडिओलॉजिस्टही तेच सांगतात, कारण कानाला आणि मेंदूला आवाजाची सवय रोजच्या वापरानेच होते.

रात्री काय करायचं

यंत्र काढल्यावर सेलचं दार पूर्ण उघडं ठेवा. यंत्राचा वापर थांबतो आणि कानातल्या घामाची जी ओल आत गेली आहे ती बाहेर पडते. सेल दारातच राहिला तरी चालतो.

पण यंत्र वाळवायच्या डबीत ठेवत असाल, सिलिका जेलची असो वा विजेवर चालणारी, तर सेल बाहेर काढून ठेवा. नवीन लोकांचं इथे हमखास चुकतं, कारण डबी यंत्रासाठी चांगली आहे म्हणजे सेललाही चांगली असणार असं वाटतं. डबीचं कामच हवेतलं पाणी शोषणं. ती रात्रभरात यंत्राची ओल काढते तशीच छिद्रांतून सेलचंही पाणी काढते. सेल काढून सपाट बाजू वर करून, डबीबाहेर, कोरड्या झाकणात ठेवायचा.

पावसाळा आणि मे महिना

सेलमधल्या द्रावणाचा आणि बाहेरच्या हवेचा तोल साधारण ६० टक्के आर्द्रतेला जमतो. तेव्हा पाणी फारसं आत येत नाही, फारसं बाहेरही जात नाही. महाराष्ट्रात हा आकडा वर्षभर एका जागी थांबत नाही हीच अडचण.

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, पोटॅशियम हायड्रॉक्साइडही तसंच हवेतलं पाणी ओढून घेतं. झिंक ऑक्साइड होताना जस्त आधीच फुगत असतं, त्यात हे पाणी. आतली मोकळी जागा भरते, हवेची वाट बुजते आणि कधी सेल गळतो. दाराच्या कडेला किंवा सेलवर पांढरी खारट पूड दिसली तर ते गळतीचं लक्षण. सेल लगेच काढा, कोरड्या कापसाच्या काडीने पूड टिपून घ्या, हात धुवा, आणि यंत्राच्या धातूच्या पट्टीवर हिरवट डाग असेल तर स्वतः खरवडत न बसता श्रवणयंत्राच्या सेंटरला दाखवा. या दिवसांत यंत्रातून बाहेर काढलेला सेल मोरीजवळ, खिडकीत किंवा ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका. पावसातून आल्यावर आधी कान आणि केस पुसा, मग दार उघडा.

एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे नेमकं उलटं. दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की सेल वापराने संपायच्या आधी सुकून जातो. अशा वेळी "तोच सेल, तेच मशीन, पण मागच्या महिन्यापेक्षा चार दिवस कमी" हे घडू शकतं आणि त्यात सेलचा दोष नसतो. दिवसरात्र एसी असलेल्या खोलीतही असंच होतं. कूलर असेल तर हवा ओली असते, पण म्हणून कूलरच्या झोतात सेल ठेवायचा नाही.

पट्टी लावलेले सेल ठेवायची जागा कोणती? कंपन्या १० ते २५ अंश सेल्सिअस सांगतात. आपल्याकडे २५ अंश मे महिन्यात कुठून आणायचे? तेव्हा घरातलं त्यातल्या त्यात थंड, कोरडं, उन्हाची भिंत नसलेलं कपाट निवडा. टीव्हीवर, फ्रीजच्या डोक्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. फ्रीजच्या आतही नको: बाहेर काढताच थंड सेलवर दव जमतं, पट्टीच्या कडेखाली जातं आणि गोंद सुटतो. सुटे सेल पाकिटातून काढून पर्समध्ये नाण्यांबरोबर टाकले तर पट्टी निघते आणि किल्लीला लागून शॉर्टही होतात. प्रवासात कापलेलं का होईना, मूळ पाकीटच न्या.

किती दिवस चालायला हवा

कागदावर हिशोब करून बघा, म्हणजे खराब सेल आणि साहजिक खर्च यातला फरक कळेल. सेलची साधारण क्षमता अशी: १० नंबर सुमारे ९० ते १०० मिलिअँपिअर-तास, ३१२ सुमारे १६० ते १८०, १३ सुमारे २८० ते ३१०, ६७५ सुमारे ६०० ते ६५०. तुमचं यंत्र किती मिलिअँपिअर खातं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, नाहीतर ऑडिओलॉजिस्टला विचारा. समजा यंत्र १.५ मिलिअँपिअर घेतं आणि सेल ३१२ नंबरचा, क्षमता १७० धरू. १७० भागिले १.५ म्हणजे ११३ तास. दिवसाला १२ तास वापर असेल तर नऊ दिवस. हेच यंत्र १३ नंबरचं असतं तर सोळा-सतरा दिवस.

नातवाने आजीच्या मशीनला मोबाइल जोडून दिला आणि आजी रोज दोन तास कीर्तन ऐकायला लागली, तर ब्लूटूथ चालू असताना यंत्र जास्त वीज खातं आणि नऊचे सात दिवस होतात. कीर्तन बंद करू नका. सेलचं पाकीट एक जास्त आणा.

हिशोबाच्या निम्मेच दिवस मिळत असतील तर या क्रमाने बघा: पाकिटाची तारीख; छिद्रांवर तेल किंवा गोंद; यंत्राच्या दारातलं हवेचं छिद्र मळाने बुजलंय का (मऊ कोरड्या ब्रशने साफ करता येतं); रात्री दार बंद राहतं का; वाळवणीच्या डबीत सेल राहतो का. मशीनवर घामासाठी रबरी कव्हर चढवलं असेल तर ते काढून एक सेल चालवून बघा, कारण हवा न जाऊ देणारं कव्हर सेलला उपाशी ठेवतं. एवढं करूनही फरक नाही पडला तर दोष बहुधा यंत्राचा.

मल्टीमीटर असलेल्यांसाठी दोन शब्द. पट्टी असताना मोजू नका, कमी आकडा येणारच. पट्टी काढून पाच मिनिटांनी मोजा. अर्धा वापरलेला सेल किती उरलाय हे मात्र व्होल्टवरून कळत नाही. झिंक-एअरचा दाब यंत्र चालू असताना १.२ ते १.३ च्या आसपास जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. संपलेला सेल रात्रभर विसावला की सकाळी मीटरवर चांगला दिसतो, यंत्रात घातला की थोड्या वेळात बसतो. त्याला "अजून जीव आहे" म्हणून परत पाकिटात ठेवू नका. घरातल्या नव्या-जुन्याची सरमिसळ अशीच सुरू होते.

वेगळी यंत्रं, वेगळा हिशोब

कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा, बाहेरचा प्रोसेसर जास्त प्रवाह ओढतो. काही मॉडेल ६७५ सेलवर चालतात, पण त्यासाठी पाकिटावर इम्प्लांट असं लिहिलेला, जास्त हवा घेणारा प्रकारच लागतो. साधा ६७५ मापाने बसतो आणि थोड्याच वेळात दम टाकतो. तिथे सेलच्या कव्हरची छिद्रंही रोज बघावी लागतात.

अगदी दुसऱ्या टोकाला जुने फिल्म कॅमेरे. ऑलिम्पस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. ते सेल बंद झाल्यावर हौशी लोक रबरी कडी लावून त्या जागी ६७५ वापरतात, कारण दाब जवळचा आणि स्थिर मिळतो. प्रकाशमापक अगदी नगण्य वीज घेतो, त्याला एवढी हवा लागतच नाही. म्हणून ते एक छिद्र सोडून बाकीची छिद्रं चिकटपट्टीने बुजवतात. सेल सावकाश सुकतो आणि जास्त महिने जातो. श्रवणयंत्रात मात्र ही युक्ती करू नका, मोठा आवाज आला की यंत्र बंद पडेल.

आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एईआर एनर्जी रिसोर्सेस नावाच्या कंपनीने लॅपटॉपसाठी झिंक-एअर बॅटरी करताना हवेचा नळच बसवला होता. बॅटरीला हवा फक्त लांब, अरुंद नळ्यांतून जायची. लॅपटॉप चालू असताना छोटा पंखा हवा ओढायचा. पंखा थांबला की त्या अरुंद नळीतून आपोआप जाणारी हवा इतकी थोडी की बॅटरी जवळपास झाकल्यासारखीच. झडप नाही, झाकण नाही. कानामागच्या यंत्रात पंख्याला जागा नाही, म्हणून आपल्या वाट्याला पट्टी आली.

गोळ्यांच्या डबीजवळ नको

हे सेल चकचकीत, छोटे आणि गोळीसारखे दिसतात. वयस्कर माणसं गोळी समजून गिळतात, लहान मुलं तोंडात, नाकात, कानात घालतात. सेल आणि औषधं कधीही एका डबीत, एका ताटलीत ठेवू नका. बदलतानाही जुना सेल आधी बाजूला टाका, मग नवा काढा. कुणी गिळला किंवा नाकाकानात गेल्याचा संशय जरी आला तरी उलटी करायला लावू नका, घरी वाट बघू नका. थेट रुग्णालयात न्या आणि सेलचं पाकीट बरोबर घ्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. ओल्या पेशींना लागलेला बटण-सेल थोड्या तासांत खोल भाजल्यासारखी जखम करतो.

संपलेल्या सेलची छिद्रं बंद करायची गरज नाही, पण थोडी वीज त्यांच्यात उरलेली असते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, मुलांच्या हाताबाहेर साठवा. एकमेकांना चिकटून राहू नयेत म्हणून चिकटपट्टीत गुंडाळलेत तर उत्तम. कचऱ्यात टाकू नका, जाळू तर अजिबात नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बरीच श्रवणयंत्र सेंटरं डबा ठेवतात. पुढचं पाकीट घ्यायला जाल तेव्हा ही डबी सोबत न्या.